नळाला खांब

सरावली, १२ मार्च २०२३

चि. जयवंतीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागला तर मीटिंग, नाहीतर रेंज नाही, म्हणून पत्र. मागच्या पावसात आई आठ दिवस पलीकडे तापाने फणफणली आणि आपण भरल्या ओढ्याच्या अलीकडे उभे! यंदा पावसाआधी ओढ्यावर साकव झाला नाही, तर तिला मी इथे आणणार. खाटही आणून ठेवली आहे. सरपंचबाई, एवढंही जमत नाही होय? सोबत वहिनीने चिकू दिलेत.

राग धर, पण माया सोडू नको.
वासुदेवदादा

वडपाडा, तलासरी, २० मार्च

ती. दादास सा. न.

चिकू पोचले, टोमणाही पोचला. अरे, पैसे आहेत, पण दिल्लीहून गाठ मारूनच येतात. वित्त आयोगाच्या शंभरातले साठ पाणी नि स्वच्छतेवरच खर्चायचे. उरलेल्यात साकव होत नाही. घरपट्टी वाढवावी, तर दरालाही वरून मर्यादा, आणि कुडाच्या घरांकडून मागू तरी किती? सरावलीचं नाव काढल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. कोंबड्या कोण बघणार म्हणते. तिला घरातून उठवायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं रे.

ओरडलास तरी आठवण काढत जा.
तुझी जयवंती

वडपाडा, ८ जून

ती. दादास सा. न.

ऐक, आईने काय केलं! मे महिन्याच्या ग्रामसभेत पलीकडे नळ न्यायचा विषय होता. पाइप पुरात वाहू नये म्हणून तो खांबांवरून नेऊ, असं इंजिनिअर साहेब सांगत होते. आई उठली आणि म्हणाली, नळाचे पाय भिजू नयेत म्हणून खांब, मग माणसाने काय पाप केलंय? सगळे हसले. साहेबांनी मात्र वही काढली. पाइपाच्या देखभालीला माणूस चालायला हवाच, म्हणून पाण्याच्याच पैशांत बाजूने दोन हात रुंद स्लॅब धरला. तालुक्याने मंजूर केला! कठडा त्यात बसेना, तर पाड्याने बांबू दिलेत, माझा धाकला लेक ते बांधणार आहे. काल स्लॅब ओतला. आता आठ दिवस पावसाने दम धरावा, एवढंच.

वहिनीला नमस्कार, तुला अर्धाच.
जयवंती

सरावली, १९ जुलै

चि. जयवंतीस पोटभर आशीर्वाद.

टोमणा परत घेतो बाई. आज उघडीप होती, तर आई एकटी एसटीने दारात हजर, पदराखाली डझनभर अंडी! ओढा कमरेच्या वर वाहतोय म्हणे. मी घाबरून पायांकडे पाहिलं, तर तिने लुगड्याचा काठ उचलून दाखवला. कोरडा होता.

जेवली, वहिनीच्या आमटीला नावं ठेवली आणि चारच्या गाडीने परत गेली. कोंबड्या कोंडायच्या होत्या.

खाट शेजारच्या अमृतला देऊन टाकली.

अशीच भांडत राहा.
तुझा दादा