चिंचेनं घासलेली कुऱ्हाड

प्रिय सृष्टी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. सोलापूरच्या दवाखान्यात नर्स आहेस, ड्युट्यांचा ताण असतो, कबूल. पण बापाचे सात फोन? असू दे. तुझा आबा रुसून बसणाऱ्यातला नाही. आणि पोस्टमन काय, हातात पाकीट दिल्याशिवाय हलायचा नाही.

बातमी अशी, की आपली कांशाची कुऱ्हाड विकायला निघाली होती. तुझ्या दादानं, प्रेमनं, मला न विचारता तिचे फोटो काढून जुन्या वस्तू जमवणाऱ्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकले. पात्यावरच्या नागमोडी रेघा, मागच्या अंगाला वळलेल्या शिंगांचा मेंढा, सगळं जवळून. मेंढरं काढून पिकअप घ्यायचं खूळ त्याच्या डोक्यात केव्हाचं आहे. लगेच पुण्याचा शिवप्रसाद नावाचा व्यापारी येतो म्हणाला. मी प्रेमला चांगलंच फैलावर घेतलं. बिरोबाचं हत्यार, दर खंडेनवमीला आपण पुजतो, ते बाजारात मांडतोस व्हय रे? पण खरं सांगतो, व्यापाऱ्यानं फोनवर आकडा सांगितला आणि माझ्यासुद्धा तोंडाला पाणी सुटलं.

आता पाहुणा येणार म्हणल्यावर आपल्याकडं तांब्या-पितळेची भांडी घासून लख्ख करतात. मीही तेच केलं. तुझी आई नको नको म्हणत होती. खंडेनवमीला आपण तिला नुसतं पाणी घालून हळदकुंकू लावतो, आजवर कधी घासली नाही, हे तिनं बजावलं. मी कुठला ऐकतोय! चिंचेचा कोळ, राख आणि काथ्या घेऊन दोन तास बसलो. अशी चकाकली म्हणतीस, मेंढ्याचा डोळासुद्धा दिसायला लागला. शिवप्रसाद आला, फडकं उलगडलं आणि मटकन बाजेवर बसला. त्याचं म्हणणं, हजारो वर्षांत चढलेला तो हिरवा थरच शौकिनांना पाहिजे असतो, आणि तोच मी मोरीत सोडला. मी काय मान खाली घालणार? म्हणलं, तुमच्या शौकिनांना हिरवंच लागत असंल तर आमच्या विहिरीतलं शेवाळ न्या.

तरी गडी निम्म्या किमतीला तयार झाला. अट एकच, कुऱ्हाड कुठं सापडली हे कुणापुढं बोलायचं नाही. ही अट मला लई खटकली. चोरीच्या मालाला असतात असल्या अटी. त्याला चहा पाजला, सोनारी फाट्यापर्यंत सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड जुन्या धोतरात गुंडाळून एसटीनं तेरच्या संग्रहालयात गेलो. तिथं जुन्या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या महेश्वरी मॅडम भेटल्या, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. चिंचेचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग हातमोजे घालून तान्ह्या लेकरासारखी कुऱ्हाड उचलली. म्हणाल्या, अशा वस्तूची सरकारदरबारी नोंद करावी लागते, कुणालाही विकून चालत नाही. आणि थर गेला तर गेला, जागा कुठं गेली नाही. ती नेमकी कुठं, किती खोल होती हे कळलं तर बरंच काही उलगडेल. ज्याला सापडली त्यानं जागा दाखवावी, एवढंच त्यांनी मागितलं.

मॅडम आपल्या वस्तीवर आल्या. प्रेमनं त्यांना सीना नदीच्या काठानं दोन तास फिरवलं. इथं असंल, नाहीतर तिथं असंल. शेवटी थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय बोलणार? कुऱ्हाड निघाली त्या दिवशी तो सोनारीच्या जत्रेत होता, हे मला माहीत आहे आणि तुलाही.

तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. ढासळलेल्या दरडीतून कोकरू ओढून काढताना ती तुझ्या हाताला लागली. परकरात घालून पळत आणलीस, आणि वरचा मेंढा बघून सगळ्यांनी ती बिरोबाची ठरवली. देवाची वस्तू ज्याच्या हाती लागेल, खंडेनवमीच्या पूजेचा मान जन्मभर त्याचा, ही आपल्या भावकीची रीत. पोरगी उद्या सासरी जाणार, तिच्यामागं मान परक्या घरी जाणार, म्हणून मी चारचौघांत प्रेमचं नाव सांगितलं. तू माझ्या शेजारीच उभी होतीस. माझ्याकडं बघितलंस आणि माझा हात सोडलास. पुढं पूजा तो करायचा आणि तू चौकटीला टेकून बघायचीस. दहावीनंतर तर तू दसऱ्याला घरी येणंच सोडलंस, आणि मी जगाला सांगत फिरलो की पोरीला अभ्यास लई असतो. मी खोटं बोललो, पोरी. माझं चुकलं. काल बिरोबाच्या देवळात सगळी भावकी गोळा करून हे सांगितलं. सिद्धेश्वरकाका तरातरा उठून गेले, जाऊ देत. प्रेम मात्र बसून राहिला, आणि सुटल्यासारखा रडला. येत्या गुरुवारी मॅडम परत येणार आहेत. ती जागा साऱ्या जगात तुला एकटीला ठाऊक आहे. त्यांच्या अर्जावर कुऱ्हाड कुणाला सापडली ते लिहायचं होतं, तिथं मी तुझं नाव लिहिलंय. सही तुझी लागंल. तुला ये म्हणायचा हक्क मला उरलाय का, माहीत नाही. तरी म्हणतो, ये.

तुझाच,
आबा