कुंपणावरची छत्री

शनिवार, ता. ७

प्रिय टिटवी,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. गुडघा जिन्यावर थोडा कुरकुरतो, खाली उतरलो की गप्प बसतो. तुम्ही तिघं सुखरूप असाल असं धरून लिहितो आहे. उत्तराची घाई नाही.

परवा तुझी आत्या येऊन गेली. बोलता बोलता म्हणाली, "दादा, भिंगरी पहिलीत चालली. सोळा तारखेला शाळा उघडतेय तिची." मी म्हटलं, "माझा आशीर्वाद कळव." तर म्हणते कशी, "मी काय पोस्टमन आहे? तुझे हात मोडलेत का?" तिचं तोंड तुला माहीतच आहे. म्हणून बसलो लिहायला.

आमची शाळा परवा, सोमवारी उघडते. या आठवड्यात माझं टेबल कचेरीतून उचलून फाटकापाशी आणतात. अठरा वर्षं हेच चाललं आहे. नव्या मुलांचे आईबाप येतात, फॉर्म भरतात आणि मुलांपेक्षा जास्त घाबरलेले असतात. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, "पोरं बसतात हो वर्गात. आधी या मोठ्यांचा एक वर्ग भरवायला हवा." तो वर्ग मग मीच भरवतो, कुणाला न कळता. कागद चाळता चाळता एकेक गोष्ट सांगतो. तुलाही त्याच सांगतो. तू म्हणशील, अण्णांना कुणी विचारलं? कुणीच नाही.

भिंगरीला आठवडाभर आधीपासून शाळेच्या वेळेला उठव. शाळेचा रस्ता एकदा सुट्टीच्या दिवशी चालून दाखव. मोरी कुठे आहे ते आधी विचारून ठेव, मुलं विचारायला लाजतात आणि मग दिवसभर अवघडून बसतात. सगळ्यात मोठं म्हणजे डबा. डब्याचं झाकण तिला स्वतःला उघडता आलं पाहिजे. दरवर्षी चार मुलं भरलेला डबा तसाच घरी नेतात आणि आई म्हणते, नखरे करतो. नखरे नसतात गं, झाकण घट्ट असतं. नवा डबा घेऊ नकोस. घरातला जुना, सैल झालेला दे.

घंटेचंही एक आहे. पहिल्या दिवशी ती अचानक वाजली की लहान मुलं दचकतात. म्हणून मी फॉर्म भरायला आलेल्या मुलांना ती आधीच वाजवून दाखवतो, एकेकाला स्वतःला वाजवू देतो. शेजारच्या गल्लीतले लोक वैतागतात. वैतागू देत.

आणि फाटकावरचा निरोप छोटा आणि खरा असावा. "मी जाते, घंटा झाली की येते," एवढंच. खोटं सांगून निघू नये. याचं कारण तुला मी सांगायला नको.

असो. आमच्याकडे प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड असतं. मुलाला न्यायला कोण येणार, त्याच्या तीन ओळी. पहिल्या दोन लोक पटापट भरतात. तिसरीपाशी पेन थांबतं. तेव्हा मी दुसरीकडे बघतो, माणसाला जरा सवड मिळते. काल एक बाई म्हणाली, "काका, तिसरं कुणी नाहीच."

"शेजारीण?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"मुलाशी बोलते?"

"त्याच्याशी बोलते. त्याला खाऊसुद्धा देते."

"मग लिहा की."

तिने लिहिलं. तिसरी ओळ कोरी ठेवून मी कुणाला जाऊ देत नाही.

तुमच्या शाळेतही असं काही कार्ड असेल. सहज लिहिलं.

आपली जुनी काळी छत्री अजून आहे. एक काडी मोडली आहे, पण उघडते.

सर्वांना आशीर्वाद.

अण्णा


मंगळवार, ता. १०

प्रिय टिटवी,

शनिवारचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल. दोन्ही बरोबर आली तर आधी हे वाच. त्या पत्रात मी डब्याच्या झाकणावर इतकं लिहिलं आणि जे लिहायला बसलो होतो ते तसंच राहिलं.

काल शाळा उघडली. फाटकावर नेहमीसारखा गोंधळ. एक आई मुलीला सोडून तीनदा परत आली. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, जा ना गं आता." सगळे हसले.

मग एक तरुण बाप आला. मुलगा त्याच्या पायाला मिठी मारून बसलेला, काही केल्या सोडेना. बापाने दोनदा घड्याळ पाहिलं. मग डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि कुंपणाच्या टोकाला अडकवलं. "हे बघ, माझं हेल्मेट इथे आहे. म्हणजे मी इथेच आहे. खिडकीतून बघत राहा." मुलाने डोळे पुसले, वर्गात गेला, खिडकीपाशी बसला. बाप हळूच गाडीकडे निघाला.

मी टेबल सोडून त्याच्या मागे गेलो. गुडघ्याचं भानच राहिलं नाही. हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "आत जा. खरं सांगून या."

"अहो, रडेल तो."

"रडू द्या. पाच मिनिटं रडेल."

"मला उशीर होतोय. तुमचं काय जातंय, काका?"

मी म्हटलं, "माझं गेलंय."

त्याला काय कळलं, देव जाणे. मग आत गेला. मुलगा रडला, चांगला मोठ्याने रडला. मग बाईंनी त्याला खडू दिला. दुपारी घंटेच्या आधी वीस मिनिटं तो बाप फाटकाबाहेर उभा होता, हेल्मेट काखेत धरून.

टिटवे, ते हेच कुंपण. रंग बदलला आहे, एवढंच. तू सहा वर्षांची होतीस. मी तेव्हा लाकडाच्या वखारीत कामाला होतो आणि मुकादम दाराशी उभा राहून उशिरा येणाऱ्यांना परत पाठवायचा. तू माझा सदरा सोडेनास. मी छत्री या कुंपणावर लटकवली आणि म्हटलं, "छत्री दिसतेय ना? म्हणजे अण्णा खालीच बसलेत." मधल्या सुट्टीत तू धावत आलीस तर नुसतीच छत्री. तुझ्या बाईंनी नंतर मला सांगितलं, की तू ती काढून घेतलीस, उघडलीस आणि शाळा सुटेपर्यंत तिच्याखाली बसून राहिलीस. वर्गात गेली नाहीस. रडलीही नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून तू कधीच रडली नाहीस. मी वखारीत सांगत सुटलो, आमची टिटवी किती शहाणी. बरीच वर्षं सांगत होतो. त्या दिवसापासून माझ्या शब्दावर तुझा भरवसा उरला नव्हता, हे फार उशिरा लक्षात आलं. आणि लक्षात येऊनही मी तेच पुन्हा केलं.

तीन वर्षांपूर्वी तुझी नोकरीची परीक्षा चालू होती आणि तुझी आई दवाखान्यात होती. तू रोज फोन करायचीस. मी रोज म्हणायचो, "बरी आहे, झोपली आहे, तू पेपर दे." शेवटचा पेपर देऊन तू पोहोचलीस तेव्हा घरात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. तू विचारलंस, "मला का नाही बोलावलं?" मी म्हणालो, "तुझ्या आईनेच नको म्हटलं. पोरीला परीक्षा देऊ द्या, म्हणाली." भिंगरी तुझ्या खांद्यावर झोपलेली होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

ती तसं म्हणाली नव्हती.

ती म्हणाली होती, "टिटवीला बोलवा." दोनदा म्हणाली. एकदा संध्याकाळी, आणि एकदा सकाळी नर्स उशी बदलत होती तेव्हा. दुसऱ्यांदा तर म्हणाली, "परीक्षा काय, पुन्हा येईल." मी म्हटलं, बोलावतो. बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि फोन केला नाही. मला वाटलं, अजून चार दिवस आहेत. मला वाटलं, तुझी नोकरी बुडेल. काय काय वाटलं ते आता लिहून उपयोग नाही. परत आत गेलो तेव्हा तिला म्हणालो, "येतेय ती, निघाली आहे." ती दाराकडे बघत होती.

म्हणजे तुला खोटं सांगितलं आणि तिलाही. आणि नंतर सगळं तिच्या नावावर ढकललं. तू तीन वर्षं तिच्यावर रागावलेली असशील तर तो राग तिच्यावरून काढ. तो माझा आहे, माझ्याकडे पाठव.

हे मी देवापुढे रोज सकाळी सांगत आलो. त्याला सांगणं सोपं आहे, तो उलट विचारत नाही. काल त्या बापाच्या हातात हेल्मेट दिलं आणि आज सकाळी हात जोडून बसलो, तर शब्दच येईनात. जिला सांगायचं तिला सोडून किती दिवस त्याचे कान खाणार?

क्षमा मागत नाही. ती द्यायची की नाही, आणि कधी, हे तुझं तू बघ.

एक मात्र मागतो. सरळ मागतो, 'सहज लिहिलं' म्हणत नाही. भिंगरीच्या कार्डावर तिसरी ओळ कोरी असेल तर मला त्या ओळीत लिही. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मी पंधरा तारखेला येईन, बस थांब्याजवळच्या लॉजवर उतरेन. तुमच्या घराची पायरी चढणार नाही. फक्त सुटायच्या वेळी फाटकापाशी उभा राहीन. ती मला ओळखणार नाही, म्हणून माझा एक फोटो सोबत ठेवला आहे. तिला आधी दाखव. सांग, हा माणूस घ्यायला येईल.

नाही लिहिलंस तर येणार नाही. लपून बघायलाही येणार नाही. कुंपणापलीकडून बघण्याची इच्छा होते, पण तू धावत येऊन शोधलंस तेव्हा मी नव्हतो, आणि आता तुझ्या नकळत मी असावं, हे बरोबर नाही. तुझं हो किंवा नाही, एका शब्दाचा मेसेज शनिवारपर्यंत माझ्या फोनवर टाक. मेसेज आला नाही तर मी ते नाहीच समजेन, रागावणार नाही.

पण हो आलं, तर सोळा तारखेला घंटा होण्याआधी मी तिथे असेन. छत्री घरी ठेवून येईन.

मी आत्ता तुझ्याजवळ नाही, हे खरं सांगून,

तुझा,
अण्णा