अप्पांनी बोललेला हंगेरियन सिनेमा

शुक्र., १० जाने.
अप्पांनी सकाळी परत तेच काढलं. "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये." इथे आखातात येऊन महिनाही झाला नाही. आई गेल्यापासून नाशिकच्या घरात एकटे. तिथे जाऊन करणार काय? मी आपलं नेहमीचं, "तुमच्या मनाप्रमाणे करू, अप्पा." नवरोबा रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टला, त्यामुळे चर्चा खलास.

दुपारी सिनेमा लावला. माझ्या क्लिनिकमधल्या मैत्रिणीने, इवाने दिलाय, ती हंगेरीची. काळा-पांढरा, महायुद्ध नुकतंच संपलंय तेव्हाचा. गावातली मंडळी पुन्हा विनोदी नाटक बसवतात, पण निम्मे नट परत आलेलेच नाहीत. मी इंग्रजी सबटायटल्स मराठीत सांगत होते. वीसेक मिनिटांनी अप्पा म्हणाले, "थांब. ती बाई त्याला झाडतेय आणि तू म्हणतेस, घोड्याला पाणी पाजा?"

सबटायटल्स भलत्याच सिनेमाची! आणि मी रेटून सांगत होते. तीस वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलेला माणूस, त्याला कोण फसवणार? माझी लेक रेवा हसून हसून सोफ्यावरून खाली.

शनि., ११
सबटायटल्स बंद. संवाद अप्पांचे, मनाने रचलेले. दिग्दर्शन करणारा म्हातारा शिंपी थेट पंचवटीतला झाला. रेवा सारखी, "आजोबा, डू द फॅट मॅन अगेन!"

पण काय सिनेमा आहे! तालमीत युद्धातून परत न आलेल्या नटाचं वाक्य आलं की सगळे थांबतात. तेवढा वेळ गप्प. मग पुढचं वाक्य. अप्पा म्हणाले, "आम्ही असतो तर ती वाक्यं दुसऱ्यांना वाटून मोकळे झालो असतो. याला मानलं."

शेवटी शिंपी गाव सोडतो. स्टेशनवर लेकीशी बराच वेळ बोलतो. तिथे अप्पा गप्प. रेवाने विचारलं तर म्हणाले, "विशेष काही नाही."

सोम., १३
गुरुवारची सीट आहे. एजंटने बुधवारी चारपर्यंत धरून ठेवलीय. अप्पांना सांगितलं. "बरं झालं," एवढंच.

मंगळ., १४
इवा जेवायला. अप्पांचे संवाद ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "ऑल राँग. बट बेटर!" अप्पा खूश, भाकरी जास्त खाल्ली.

भांडी आवरताना तिला विचारलं, स्टेशनवर शिंपी काय बोलतो? म्हणाली, काही नाही, गाडी किती वाजता सुटते ते तीनदा विचारतो. कुणी थांब म्हणतंय का बघतोय. "बट द डॉटर इज व्हेरी पोलाइट. शी कॅरीज हिज ट्रंक."

तेच ताट मी दोनदा विसळलं.

बुध., १५
अर्धी रजा टाकली. घरी आले तर अप्पा बॅग भरत होते. मी सवयीने शर्टाची घडी घालायला गेले आणि माझीच मला लाज वाटली. म्हटलं, "अप्पा, नका जाऊ. मला तुम्ही इथे हवे आहात." आवाज पार चिरका झाला. असं कधी मागितलंच नव्हतं त्यांच्याकडे.

"जावईबापूंना विचारलंस?"

"ते तर कधीचे म्हणतायत. आज मी म्हणतेय."

पलंगावर बसले. म्हणाले, "तुझ्या आईने पहिल्याच दिवशी म्हटलं असतं."

पावणेचार झालेत. एजंटचा फोन वाजतोय. मी उचललेला नाही, आणि अप्पाही 'उचल' म्हणत नाहीयेत.