एकोणसाठ रुपये चाळीस पैसे

गोरखपूर, जबलपूर
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. विनताला आशीर्वाद. चिन्मयीच्या गालांवरून माझा म्हणून एक हात फिरव.

इकडे जे उरले ते ठीक आहेत. माझे गुडघे ठीक नाहीत, पण ते कधीच नव्हते. इंदू शाळेतून घरी जाताना रोज डोकावते. मी जिवंत आहे का ते पाहते, भाजी ठेवते आणि विजय नगरला निघून जाते. पोरगी म्हणून तिचं काही चुकत नाही.

तुझा मेसेज तिनं परवा वाचून दाखवला. एप्रिलच्या सुट्टीत तू आणि चिन्मयी देवदत्तच्या अस्थी घेऊन येणार, ग्वारीघाटावर नर्मदेत सोडायला. आणि तू दोन गोष्टी विचारल्या. पैसे तिकडे बदलून आणू की इथे आल्यावर? आणि माझा तिकडे यायचा विजा कोणत्या तारखेला आला? कारण त्यांनी उशीर केला म्हणून आईला मुलाचं तोंड पाहता आलं नाही, अशी तक्रार तू तिकडच्या विजावाल्यांकडे करून राहिली.

इंदू म्हणाली, "दोन ओळींचं काम आहे, मी टाइप करून टाकते."

म्हटलं, हात लावू नको, मी पत्र लिहीन. ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. चौथी शिकलेली बाई मी, किराण्याच्या यादीपलीकडे लिहिलं काय आहे? पण फोनवर बोलली की चिन्मयी मध्ये येते, "आजी, आजी" करते, आणि माझी जीभ सोपं असेल तिकडे वळते. कागदावर तसं होत नाही. पाकिटावर पत्ता इंदू इंग्रजीत लिहून देईल. आत काय आहे ते तिला विचारू देणार नाही.

आधी पैशाचं सांगते. ते मला पक्कं येते.

एअरपोर्टवर बदलू नको. तिकडच्याही नको आणि दिल्लीच्याही नको. तिथे माणूस थकलेला असतो, हे त्यांना ठाऊक असते. टॅक्सीपुरते बदल, बाकीचे डॉलर तसेच घेऊन ये. इथे पैसे बदलायच्या दुकानात पाटीवर दोन भाव लिहिलेले असतात, एक ते घेतात तो आणि एक ते विकतात तो. तुला घेण्याचा पाहायचा आहे. फोनमध्ये दिसतो तो भाव कोणालाच मिळत नाही, तो दाखवून भांडू नको, हसतात. "भाव काय" हे विचारूच नको. "सगळं कापून माझ्या हातात किती पडतील" हे विचार. एकजण भाव चांगला सांगतो आणि मागून फी लावतो, टॅक्स लावतो. एटीएमच्या मशीनमध्ये कार्ड घातलं तर ते विचारते, डॉलरमध्ये कापू की रुपयांत. रुपयांत म्हण. डॉलर म्हटलं की मशीन आपला भाव लावते.

हे सगळं मला देवदत्तनं शिकवलं. हॉस्पिटलमधून. शिकवण ऑक्टोबरची आहे.

आता तुला वाटेल, म्हातारीला इतकं सगळं काहून पाहिजे होतं? तर सांगते. सहा वर्षांपूर्वी मी आली होती तेव्हा एअरपोर्टवर डोळे झाकून पैसे बदलले, अर्धे तिथेच गेले. बाकीचे तुमच्या अॅडलेडमध्ये तीन आठवड्यांत संपले. मग केळी घ्यायची तर तुझ्याकडे हात पसरा. एकदा तुझ्या मैत्रिणीसमोर तू म्हणाली, "आईंना पर्समधले सुटे देते मी, त्यांना बरं वाटते." तू सहज म्हणाली असशील. मी सहज घेतलं नाही. तेव्हाच ठरवलं की पुन्हा आली तर माझ्या पैशांनी येईन, चांगल्या भावानं बदललेल्या, आणि तुझ्या पर्सकडे पाहणार नाही.

म्हणून मी पाटल्या विकल्या आणि तिकडचे दोन हजार डॉलर घ्यायचं ठरवलं. देवदत्तला फोनवर सांगितलं तर तो हसला. खोकला आला, तरी हसला. म्हणाला, "आई, यावेळेस लुबाडून येऊ नको. दोनतीन दुकानं फीर. भाव चढला आहे, उतरेल." त्याला रक्ताचा आजार आहे हे तुम्ही मला सांगितलं होतं, पण औषधं चालू आहेत, बरा होईल असंही सांगितलं होतं. मला वाटलं, जो माणूस भावाचं बोलून राहिला तो काही मरत नाही.

तू इंदूला फोन केला होता. "आईंना लवकर पाठवा." इंदूनं मला तसंच्या तसं सांगितलं, आणि रडली पण. मी तिला म्हटलं, विनताला प्रत्येक गोष्टीत घाई. लग्नाचीही घाई, परदेशाचीही घाई. हे मी म्हटलं, विनता. तुझ्या तोंडचं 'लवकर' मी कधी खरं धरलंच नाही.

गोरखपूरच्या दुकानात मी मंगळवारी गेली. भाव साठ रुपये पन्नास पैसे. म्हटलं, "भैया, साठ लगा लो, दो हज़ार लेने हैं।"

तो म्हणाला, "अम्मा, ये लौकी नहीं है। रेट ऊपर से आता है।"

"ऊपर कौन बैठा है, तेरा बाप?"

बाकीची गिऱ्हाइकं हसली. तो पण हसला, पण भाव हलवला नाही. मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. उठली आणि चालायला लागली. साडीचं दुकान असो की भांड्याचं, चार पावलांवर मागून आवाज येतोच, "अम्मा, सुनिए तो!" मी चार पावलं गेली. दहा गेली. शेजारच्या दुकानातल्या बादल्या पाहत उभी राहिली. आवाज आला नाही. परत जायची लाज वाटली, म्हणून घरी आली.

बुधवारी विजय नगरच्या दुकानात साठ दहा, वर फी. तिथूनही उठली. बँकेत तर त्याहून महाग. इंदू रोज म्हणे, "आई, पन्नास पैशांनी काय होते? तिकीट काढू दे." मी म्हणे, सोमवारपर्यंत थांब, उतरून राहिला. तिनं गुरुवारचं तिकीट पाहून ठेवलं होतं, ९ तारखेचं. मी तिला पुढच्या गुरुवारचं काढायला लावलं.

सोमवारी, १३ तारखेला, गोरखपूरच्याच दुकानात भाव खरंच उतरला. एकोणसाठ चाळीस. बावीसशे रुपये वाचले. मी चेक दिला, नोटा घेतल्या, आणि येताना खोव्याची जलेबी घेऊन आली, पाव किलो. संध्याकाळी तुला फोन केला. तू म्हणाली, तो झोपला आहे. मी म्हटलं, उठल्यावर त्याला सांग, एकोणसाठ चाळीसनं मिळाले. तू "बरं" म्हणाली.

मंगळवारी पहाटे तुझा फोन आला.

तू विचारलं, "आई, इतका उशीर काहून झाला?" तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "विजाच आला नाही गं." विचार करून नाही बोलली, पण मागे पण घेतलं नाही. इंदू शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आजपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही. ती भाजी ठेवते आणि जाते, ती त्यामुळेच बसत नाही.

विजा ६ ऑक्टोबरला आला. सोमवारी. इंदूच्या फोनवर सकाळी अकराला. गुरुवारी निघाली असती तर शुक्रवारी रात्री तुझ्या दारात असती. तो मंगळवारपर्यंत होता. चार दिवस, विनता. त्यातले दोन दिवस तो बोलत होता असं तूच सांगितलं.

तक्रार मागे घे. त्या लोकांनी वेळेवर काम केलं.

डॉलर नोव्हेंबरात त्याच दुकानात परत द्यायला गेली. परत घेण्याचा भाव छप्पन्न. तो म्हणाला, "अम्मा, आप तो जाने वाली थीं?" मग स्वतःहून म्हणाला, "चलो, पचास पैसे और लगा देता हूँ।" मी म्हटलं, राहू दे. त्यानं दिले ते पिशवीत टाकले. बावीसशेच्या तिप्पट गेले असतील, मी हिशेब केला नाही.

माफी मागून नाही राहिली. तू माफ केलं तर मी ते कुठे ठेवू? नाही केलं तर आहेच मी जशी आहे तशी. रडायलाही मला जमत नाही. लोक समजतात बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही. सकाळी उठते आणि उठल्यावर काय करायचं ते कळत नाही, एवढंच.

आता अस्थींचं. तू त्याला इकडे आणायचं म्हणत होती ते माझ्यासाठी. आईला शेवटचं तरी भेटू दे, असं तुझं वाक्य इंदूनं वाचून दाखवलं. ते वाक्य तू खोट्यावर विश्वास ठेवून लिहिलं. म्हणून ते मी धरत नाही. मी मनातून उतरली असेन तर त्याला तिकडच्याच समुद्रात सोड. त्याला पाणी आवडायचं. मी कोणापाशी तुझ्या नावानं तोंड उघडणार नाही, आणि लोकांनी विचारलं तर खरं कारण सांगेन. आणलं तर घाटावर मी मागच्या पायरीवर उभी राहीन. हात तू आणि चिन्मयीच लावा.

चिन्मयीला काय सांगायचं ते तू ठरव. लहान आहे म्हणून लपवायचं असेल तर लपव, पण विजाचं नाव घेऊन नाही.

उत्तर नाही आलं तर तेच उत्तर धरीन. पोस्टमनला रोज विचारणार नाही. विचारीन, पण ते तुला कळायचं काही कारण नाही.

तुझी आई म्हणून सही करत नाही.

देवदत्तला जिनं थांबायला लावलं ती,
अंजनी