खाटेखालचा थर्मोस्टॅट

प्रिय दादा,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण गोड मानून वाच. फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहितोय.

इथं वर्कशॉपात सगळ्या शर्यतीच्या गाड्या. आमचा मिस्त्री म्हातारा, तोंडाचा फटकळ. गार इंजिन कुणी रेस केलं की ओरडतो, झोपेतून उठवून माणसाला पळवतोस का रे. थर्मोस्टॅट नवाकोरा असला तरी आधी पातेल्यात उकळून बघतो. पाणी चांगलं तापलं की त्याची झडप हळूच उघडते, इंजिनात रेडिएटरची वाट मोकळी करते तशी. तोवर कुणी बोलायचं नाही.

मागच्या आठवड्यात मी अक्कल पाजळली, की हा काढूनच टाकला तर इंजिन थंड राहील. त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, अर्धवट शहाण्या, इंजिनाला ऊब लागते. गार राहिलं की पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग जातं. सगळे हसले. मी बोटांवर महिने मोजत होतो.

आपली लाल गाडी आठव. शर्यतीआधी तापत होती. रेडिएटर आणायला जाताना तू बजावलंस, भिंगरी, मी येईपर्यंत बूड टेकून बस. माझं बूड कधी टेकलंय? मी थर्मोस्टॅट काढला आणि त्याचं वरचं झाकण होतं तसं लावलं. तू नवा रेडिएटर चढवलास, तापमानाचा काटा वर येईना. तू खूश, म्हणून मी गप्प. दोन महिन्यांनी भर शर्यतीत इंजिन जाम झालं. तू खालून उघडलंस, जळालेलं बेअरिंग दिसलं, आणि ते बसवणाऱ्या भाऊजींना ताईदेखत म्हणालास, बेअरिंग बसवायचं होतं, पाचर नव्हती ठोकायची. मी शेजारीच टॉर्च धरून उभा होतो. वरचं झाकण कुणी उघडलंच नाही. इंजिन भंगारात गेलं, ताई घरी यायची थांबली, आणि मी नोकरीच्या नावाखाली पळालो.

परवा ताई फोनवर म्हणाली, भाऊजी आता गोदामावर पहारा देतात. पान्याला हात लावत नाहीत. माझे हातच खराब, म्हणतात.

दादा, घरी माझ्या खाटेखाली नटबोल्टांचा डबा आहे. तळाशी, फडक्यात, तो थर्मोस्टॅट. तो घेऊन ताईकडे जा, भाऊजींच्या समोर पाण्यात उकळ. उघडेल. तो चांगलाच होता, आणि त्यांचे हातही. मग मला शिव्या घालायला फोन कर. पहिल्या रिंगला उचलीन.

तुझाच,
भिंगरी