पदराआडून हूं

देवळी, मार्च १९५७

कोकिळेच्या बाबांले,

मामाजी जाताना काही बोलले का, असं तुम्ही नागपूरहून विचारलं. काही नाई, असं मी कळवलं. ते खोटं आहे.

सासऱ्यापुढे सुनेनं नजर वर करू नये, हे तुमच्याच घरानं मले शिकवलं. रोज दुपारी ते वारलेल्या सासूबाईंच्या गोष्टी सांगत, अन् मी ज्वारी निवडत पदराआडून हूं म्हणत जाई. त्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, आता मीबी तिच्याकडे जाऊ का?" माझे डोळे सुपात होते. सवयीनं हूं म्हटलं. ते उठून गेले. संध्याकाळी त्यांले विहिरीतून काढलं.

एकदा चेहरा पाहिला असता, तर तो हूं निघाला नसता.

हे पत्र चुलीत टाकीन. तुम्ही आल्यावर पुन्हा विचाराल, "खरंच काही बोलले नाईत?" मी खाली पाहूनच हूं म्हणीन.

तुमच्या घरची सून,
मनकर्णा