चौकटीमागचं यंत्र

सोमवार, ३ मार्च

काय झालं ते क्रमाने.

१. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बोळात कंडोमचं यंत्र आहे. फुकट. बटण दाबलं की पाकीट पडतं. देखभाल माझ्याकडे.
२. आठवड्याच्या रजेवरून आले तर यंत्र दिसेना. त्याच्यापुढे दोन साखळ्यांवर प्रार्थना लिहिलेली भलीमोठी चौकट टांगलेली, वर दिवा.
३. चौकट प्रार्थनामंडळाची भेट. मंडळाचे चिटणीस माझे बाबा.
४. चौकट उचलून पाहिली. यंत्रावर लाल पट्टी: 'नादुरुस्त'. सही नाही.
५. लाल पट्टी तपासणाऱ्यानेच सहीनिशी लावायची असते. तपासणारी मी. मी काहीच तपासलेलं नाही.

बटण दाबलं. पाकीट पडलं!

मंडळवाल्यांनी दिव्याची वायर यंत्राच्याच प्लगमध्ये खोचली आहे. आणि प्रार्थनेपुढचा दिवा विझू द्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. म्हणजे यंत्रही बंद करता येत नाही!

मंगळवार, ४ मार्च

अधीक्षकांनी बोलावलं. बसा म्हणाले. बसा म्हणाले की समजावं.

सोमवारी तपासणी पथक येणार. धार्मिक कारणाने यंत्र काढलं असं सरकारी कागदावर लिहिता येत नाही, 'बिघडलं' असं लिहिता येतं. तेवढी माझी सही हवी. मला कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, हे ते बोलले नाहीत. नुसता त्या कागदावर पेपरवेट ठेवला.

"तुमच्या वडिलांचीच तर इच्छा आहे," म्हणाले.

मी म्हटलं, तपासते आणि जे सापडेल ते लिहिते.

घरी कळवलं, जादा पाळी आहे. पूलवाल्याकडे गेले. (पुलांचे भार मोजणं हे त्याचं काम, म्हणून पूलवाला.) त्याला सगळं सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च

आज यंत्राचं झाकण उघडून आतला आकडा पाहिला. चौकट लागल्यापासून खप दुप्पट!

विश्वास बसेना. पाना हातात घेऊन बोळाच्या टोकाला उभी राहिले, काहीतरी दुरुस्त करत असल्यासारखी. एक गृहस्थ आले. चौकटीपुढे मान झुकवली, हात खालून आत घातला, क्षणभर थांबले, निघून गेले. मग एक जोडपं. मग कॉलेजच्या दोन मुली, अगदी गंभीर चेहऱ्याने. मागून बघणाऱ्याला नुसती भक्ती दिसते! पूर्वी त्या बोळात उघड्यावर बटण दाबायची कुणाची छाती होत नव्हती.

रखवालदार म्हणाला, हल्ली लोक फार देवभोळे झालेत.

"पावतो ना हो," झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "लगेच पावतो."

पाकिटं भरतं कोण? मावशीच. ते काम त्यांचं, आणि थांबवा असं त्यांना लेखी कुणी दिलेलं नाही. मला भांडारात जाऊन हसून यावं लागलं.

शुक्रवार, ७ मार्च

जेवताना बाबांनी विषय काढला. तू ती चौकट काढायला लावलीस तर लोक मला विचारतील, पोरगी कुणाची.

मी शांतपणे बोलले. घरात लावा, मंडळात लावा, कोण अडवतंय? ती भिंत सरकारची आहे. प्रार्थना करणाऱ्याची आणि न करणाऱ्याचीही.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "तुला त्या यंत्राचा एवढा पुळका कशाला?"

"माझ्या यादीत आहे म्हणून."

आई वाढता वाढता थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग बाबांच्या ताटात भात वाढला, त्यांनी मागितला नसताना.

शनिवार, ८ मार्च

जादा पाळी.

सोमवार, १० मार्च

अहवाल दिला: यंत्र चालू. पट्टी माझी नाही. चौकट लावण्याचा लेखी आदेश नाही.

पथकाच्या बाईंनी स्वतः चौकट उचलून बटण दाबलं. पाकीट पडलं. "नादुरुस्त कुणी ठरवलं?" अधीक्षक पंख्याकडे बघत राहिले. चौकट सन्मानाने मंडळाला परत करा, असा तिथल्या तिथे आदेश!

दुपारी बाबा स्वतःच आले. मंडळातलं दुसरं कुणी नाही. शिडी मी धरली.

वरून म्हणाले, "नोकरी राहील ना?"

माहीत नाही म्हटलं. अधीक्षकांनी सकाळीच सांगितलं होतं, कायम करण्याचं पुढे बघू.

बाबा उतरले. चौकट बाहीने पुसली, काखेत घेतली. दोन पावलं गेले आणि मागे वळले.

"खोटं लिहिलं नाहीस ते बरं केलंस, बाळ."

जिंकले आहे. सकाळपासून नाचावंसं वाटत होतं. आता ते एक वाक्य पाठ सोडत नाही.

मंगळवार, ११ मार्च

बाबांच्या चष्म्याखाली चिठ्ठी ठेवून कामावर आले. लिहिलंय ते असं:

बाबा, जादा पाळ्या नव्हत्या. एकजण आहे, त्याच्याकडे जात होते. पंधरा तारखेपासून तिथेच राहणार आहे. लग्न ठरलेलं नाही. करायचं की नाही तेही नाही. रविवारी नेहमीसारखं जेवायला यायचं आहे. येऊ का? शुक्रवारपर्यंत कळवा.